लग्नाचा फोटो : ‘इकडे बघा’पासून कँडिडपर्यंत

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

जेवणं आटोपून, भांडी पालथी घालून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आज कर्ज, हप्ता, बचत यांतलं काही सांगणार नाही. आज बोलू या लग्नाच्या फोटोंविषयी. मात्र या गोष्टीची सुरुवात कर्जाच्या अर्जापासूनच झाली.

गेल्या वर्षी आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी मुलीच्या लग्नासाठी कर्ज मागितलं. कशाकशाला किती, ते त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं. मांडव, किराणा, कपडे आणि खाली ‘फोटो : चाळीस हजार’. सगळ्या एकदम म्हणाल्या, “चाळीस?” ताई म्हणाल्या, “पोरगी म्हणते कँडिडवाला पाहिजे. नेहमीचा फोटोवाला वेगळा आणि कँडिडवाला वेगळा.” मागून एक मावशी बोलल्या, “म्हणजे काय गं? न सांगता फोटो काढायचा आणि त्याचे एवढे पैसे? न सांगता तर माझा नातूसुद्धा मोबाईलवर काढतो!”

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मावशींना नीट उत्तर मला देता आलं नाही. मग मी वाचलं, जाणत्या फोटोवाल्यांना विचारलं, आणि आईचा जुना अल्बम पुन्हा काढला. त्यातून जे हाती आलं ते आज सांगते.

कँडिड फोटो म्हणजे माणसाला उभं न करता, ‘इकडे बघा’ न म्हणता, जे चाललंय ते चालू देऊन काढलेला फोटो. हळद लावताना करवलीच्या तोंडाला लागलेला पिवळा हात, मंगलाष्टकांच्या वेळी डोळे पुसणारा मामा, पंगतीत वाढताना घामाघूम झालेली काकू. ऐकायला सोपं वाटतं. पण इथवर यायला फोटोला शंभराहून जास्त वर्षं लागली.

हलायचं नाही!

फोटो काढायची पहिली चांगली चाललेली पद्धत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. ती लुई दागेर नावाच्या माणसाने शोधली होती. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यायचा आणि त्यावर चित्र उमटवायचं. पण सुरुवातीला त्याला कित्येक मिनिटं लागत. तेवढा वेळ माणूस हलला की चित्र पुसट. म्हणून स्टुडिओत खुर्चीमागे लोखंडी स्टँड असायचा आणि त्याच्या चिमट्यात डोकं अडकवून बसवायचे. जुन्या फोटोंतली माणसं एवढी गंभीर का दिसतात, त्याचं एक कारण हे. एवढा वेळ हसू धरून ठेवणार कसं?

आता सांगा, अशा यंत्रासमोर अक्षता पडतानाचा फोटो कसा निघावा? निघतच नव्हता. लग्न एकीकडे व्हायचं आणि फोटो दुसरीकडे. सोयीच्या दिवशी तेच कपडे घालून जोडपं स्टुडिओत जायचं, रंगवलेल्या पडद्यापुढे बसायचं. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचं लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झालं. त्याचा एकही फोटो नाही. तिचा आणि नवऱ्याचा १८५४ सालचा एक फोटो आहे, रॉजर फेंटन यांनी काढलेला. लोक तोच लग्नाचा समजतात. पण तोवर लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

याच राणीची एक गोष्ट मला फार जवळची वाटली. १८५८ साली, म्हणजे ज्या वर्षी आपल्या देशाचा कारभार कंपनीकडून राणीकडे गेला त्याच वर्षी, २५ जानेवारीला तिच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. मुलगी सतरा वर्षांची, आणि सासर दूर प्रशियात. लग्नविधीला निघण्याआधी आई, वडील आणि नवरी असा तिघांचा एक फोटो काढला. बाकी दोघं बऱ्यापैकी स्पष्ट आली, पण राणीचा चेहरा पुसट आला. तिने आपल्या रोजनिशीत कारण लिहून ठेवलं आहे : अंगाला एवढा कंप सुटला होता, की छबी नीट उमटली नाही.

बायांनो, एवढ्या मोठ्या राज्याची राणी, पण लेक सासरी जाताना तिचंही अंग थरथरलं. फोटोवाल्याच्या हिशेबाने तो फोटो बिघडलेला. मला विचाराल तर त्या काळच्या यंत्राला जमला तेवढा खरा फोटो तोच. आजचा कँडिडवाला नेमकी हीच थरथर शोधत असतो.

पडद्याआडच्या बायका

आपल्या मुलखातही फोटो लवकर आला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या जुन्या सभासदांपैकी आणि स्वतः फोटो काढणारे. पण कॅमेरा महाग, काढणारे पुरुष, आणि परक्या पुरुषासमोर घरच्या बाईने बसायचं कसं, हा प्रश्न होता.

त्यावर हैदराबादेत एक तोड निघाली. राजा दीनदयाळ हे त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. निजामाच्या दरबाराचं काम त्यांच्याकडे होतं. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. त्यांनी १८९२ साली तिथे खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. आत पुरुषांना मज्जाव, आणि फोटो काढायला केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई. पुढे कलकत्त्यात अन्नपूर्णा दत्त यांनी, म्हणजे १८९४ साली जन्मलेल्या एका बंगाली गृहिणीने, घरोघर जाऊन बायकांचे फोटो काढायचा व्यवसाय केला.

हे मी का सांगते? कारण कॅमेऱ्यामागे कोण आहे, त्यावर समोरची बाई कशी बसणार ते ठरतं. परका माणूस असला की पदर ओढला जातो, मान खाली जाते. ओळखीची, विश्वासाची व्यक्ती असली की खांदे सैल होतात. नैसर्गिक फोटोचं निम्मं काम कॅमेरा करतो आणि निम्मं हा विश्वास.

कँडिड हा शब्द कुठून आला?

हा शब्द लग्नातून आलेला नाही, तो बातमीदारीतून आला. जर्मनीत एरिख सालोमन नावाचा माणूस होता, शिकलेला वकील. १९२८ च्या सुमारास त्याच्या हाती एक लहान कॅमेरा आला. त्याच्या भिंगातून एवढा उजेड आत यायचा, की दिव्याच्या उजेडातही, भपकन पेटणाऱ्या दारूशिवाय फोटो निघायचा. तो कॅमेरा लपवून त्याने कोर्टातले फोटो काढले. मग मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या बैठकांत जाऊन जांभई देणारे, पेंगणारे, वाद घालणारे पुढारी टिपले. लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने त्याच्या फोटोंना कँडिड हे नाव दिलं आणि ते रूढ झालं. सालोमन ज्यू होता. १९४४ साली नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत त्याचा अंत झाला.

इंग्रजीत कँडिड म्हणजे मोकळा, निर्मळ, आडपडदा नसलेला. गंमत बघा, सालोमन कॅमेरा लपवायचा, पण फोटोला नाव मिळालं मोकळा. आपण लग्नघरात लक्षात ठेवायचं ते हे, की पुढाऱ्यांची बैठक वेगळी आणि आपल्या लेकीबाळींचं साडी नेसणं वेगळं. लपून काढलेला म्हणजे कँडिड, असं समजून चालायचं नाही. याकडे मी पुन्हा येईन.

त्याच सुमारास, १९२५ साली, जर्मनीतच लायका नावाचा खिशात मावेल असा कॅमेरा बाजारात आला. तो सिनेमाच्या फिल्मवर चालायचा. एका रोलवर ३६ फोटो. आता फोटोवाल्याला तिकाटणं रोवून उभं राहायची गरज उरली नाही. तो माणसांत फिरू लागला.

आपल्याकडे असं माणसांत फिरून फोटो काढणारी एक थोर बाई होऊन गेली. होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. देशातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला तिचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. पुढे दिल्लीत साडी नेसून, सायकलवर जड कॅमेरा लादून ती कामाला जायची. बाई म्हणून पुरुष तिला फारसं मोजायचे नाहीत. तिने त्याचाच फायदा घेतला. कोणी लक्ष देत नाही म्हटल्यावर तिला जवळ जाता आलं, थांबून वाट बघता आली. २०११ साली तिला पद्मविभूषण मिळालं. कँडिड फोटोचं सगळं कसब तिच्या कामात दिसतं : गर्दीत मिसळायचं, मधे यायचं नाही, वाट बघायची, आणि क्षण आला की चुकवायचा नाही.

आपल्या मांडवातला कॅमेरा

आता आपल्या गावाकडे येऊ. माझ्या आईचं लग्न १९८५ सालचं. तालुक्याहून एक फोटोवाला सायकलवर आला होता. त्याच्याकडे बारा फोटोंचे दोन रोल. चोवीसातला एक वाया गेला. काळ्या जाड पानांचा अल्बम, मधे कुरकुरणारा बटर पेपर आणि तेवीस फोटो. सगळ्यांत आई खाली बघते आहे.

रोलला पैसे पडायचे, म्हणून प्रत्येक फोटो मोजून. अंतरपाट एक, हार एक, सप्तपदी एक. बाकी मानकऱ्यांचे. आहेराला ज्याचं नाव भोंग्यावर पुकारलं जाई, तो नवरा-नवरीशेजारी उभा राही आणि त्याचा फोटो निघे. दोनशे माणसांच्या भाकरी थापणाऱ्या बायकांचं नाव भोंग्यावर कोण पुकारणार? त्यांच्यासाठी रोलमध्ये जागा नव्हती.

माझी आजी, म्हणजे आईची आई, २००९ साली गेली. दहाव्याला फोटो हवा होता. घर उलथंपालथं केलं, पण आजीचा फोटोच नाही. शेवटी आईने अल्बम काढला. एका फोटोत फेटा बांधलेले कोणी पाहुणे खुर्चीत बसलेत आणि त्यांच्या खांद्यामागे, मांडवाच्या टोकाला, चुलाण्याजवळ उभी आजी. हातात मोठा डाव, तोंड उघडं, कुणाला तरी ओरडते आहे. स्टुडिओवाल्याने तेवढाच भाग मोठा केला, मागे निळा रंग भरला आणि फ्रेम करून दिला. आजही तो भिंतीवर आहे. खुर्चीतले पाहुणे कोण होते, ते आज घरात कुणालाही सांगता येत नाही.

तो फोटो चुकून आलेला आहे. आजीला माहीत नव्हतं, फोटोवाल्यालाही माहीत नव्हतं. पण आमच्या घरातला पहिला कँडिड फोटो तोच.

पुढे रंगीत रोल आले, मग व्हिडिओ शूटिंग आलं. डोळे दिपवणारा हॅलोजन, मागे वायर धरून पळणारा पोरगा आणि कॅसेट. मग डिजिटल कॅमेरा आला आणि रोलचा खर्च संपला. आता हजार फोटो काढले तरी फिल्मला पैसे पडत नाहीत. कँडिड लग्नात शिरलं ते या दारातून. फोटो मोजायची गरज उरली नाही, तशी मानकऱ्यांपलीकडे नजर जाऊ शकली.

‘जाऊ शकली’ म्हणते, ‘गेली’ म्हणत नाही. माझं लग्न २०११ सालचं. कॅमेरा डिजिटलच होता. तरी फोटोवाल्याने मंगळसूत्र तीन वेळा घालायला लावलं, कारण दोनदा कुणाचा तरी हात आडवा आला. पाठवणीला मी आईच्या गळ्यात पडले, तर हा म्हणतो, “ताई, मान जरा इकडे करा.” मी रडता रडता मान वळवली. अल्बममध्ये मी आईला धरलंय आणि बघतेय कॅमेऱ्याकडे. आईचा चेहरा दिसतच नाही. कॅमेरा नवा होता, पण काढणाऱ्याची सवय जुनीच होती.

मग काय अपेक्षा ठेवायची?

आता मावशींच्या प्रश्नाचं उत्तर. कँडिड फोटोला पैसे न सांगता काढण्याचे नसतात. ते दिवसभर थांबण्याचे, वाट बघण्याचे आणि नंतर हजारांतून निवडण्याचे असतात. म्हणून ठरवताना काही गोष्टी मुलीने आणि जावयाने, दोघांनी मिळून, समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, सगळे फोटो देखणे येणार नाहीत. कुणाचा पदर सुटलेला, कुणाचं तोंड घासाने भरलेलं असेल. ते ज्यांना नको वाटतं त्यांनी साधे फोटो घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. फोटोवाल्याचा नमुन्याचा अल्बम बघताना एकाच लग्नाचे सगळे फोटो मागा. दहा लग्नांतले दहा चांगले फोटो कोणीही दाखवेल.

दुसरी, उजेड. लाल-हिरव्या कापडाच्या मांडवात चेहऱ्यावर तोच रंग उतरतो. हळद आणि नवरीची तयारी खिडकीजवळ किंवा पांढऱ्या कापडाखाली ठेवली तर फोटो आपोआप सुधारतो. गोरज मुहूर्त असेल तर उजेड भराभर जातो, हे आधीच बोलून ठेवा.

तिसरी, घरच्यांचे उभे राहून काढायचे फोटो सोडू नका. आजी-आजोबा एकत्र नीट दिसतील असा एक फोटो हवाच. आपल्या राज्यात १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणी ९० दिवसांत करायची असते. ती ग्रामपंचायतीत होते आणि तिथे बहुधा लग्नपत्रिका नि लग्नातला फोटो मागतात. त्याला दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारा फोटो लागतो. तिथे डोळे पुसणारा मामा चालत नाही.

चौथी, यादी द्या. विधींची नको, ते त्याला माहीत असतात. माणसांची द्या. भाकरी करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, रुखवत मांडणाऱ्या बायका कोण, चुलाणं कुठे आहे, ते आदल्या दिवशी दाखवून ठेवा. नाहीतर हजार फोटोंतही त्यांचा एक निघत नाही.

पाचवी, संमती. नवरी तयार होते त्या खोलीत कोण येणार, हे नवरीने ठरवायचं. फोटो मोबाईलवर, जाहिरातीत टाकायचे की नाही, ते आधी विचारून कागदावर लिहून घ्यायचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन आपण काढून घेतलेल्या फोटोवर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क आपला असतो. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा. किती दिवसांत, किती फोटो देणार, तेही त्याच कागदावर येऊ द्या. फोटो हाती आले की दोन वेगळ्या ठिकाणी साठवा.

आणि शेवटची, पैशाची. फोटोसाठी व्याजाने पैसे काढू नका. गटाचं कर्ज फेडताना फोटो कामाला येत नाही.

त्या ताईंचं काय झालं?

गटाने मांडव आणि किराण्यापुरतं कर्ज दिलं. फोटोसाठी मुलीने दोन माणसांऐवजी एकच ठरवला, तोही एकाच दिवसाचा. ड्रोन नाही, लग्नाआधीचं शूटिंग नाही. स्वतः जाऊन त्याच्याशी तासभर बोलली आणि अकरा बायकांची यादी दिली. त्यात त्या मावशीही होत्या.

फोटो आले. त्यातला एक असा : पाठवणी झाली आहे, मांडव अर्धा रिकामा आहे, आणि ताई गव्हाच्या पोत्यावर एकट्या बसल्या आहेत. पदर खांद्यावरून घसरलेला, हातात जावयाची राहिलेली टोपी. त्या बघताक्षणी म्हणाल्या, “हा काढून टाका. मी कशी दिसते!” मुलगी म्हणाली, “आई, मला फक्त हाच हवाय. मी गेल्यावर तू कशी होतीस ते मला कुठे माहीत होतं?”

दोघींचंही खरं होतं. बैठकीत त्यावर चांगला अर्धा तास बोलणं झालं. शेवटी त्यांनी ठरवलं, की फोटो घरच्या अल्बममध्ये राहील, मोबाईलवर कुणाला जाणार नाही. ज्याचा फोटो त्याचा शब्द. कँडिड म्हणजे मोकळेपणा म्हणतात ना, तर तो काढणाऱ्याइतका ज्याचा काढला त्याचाही असला पाहिजे.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना घरातला एक जुना लग्नाचा फोटो घेऊन या. नवरा-नवरी बाजूला ठेवा. मागे, कडेला, अर्धवट कापली गेलेली कोण बाई दिसते ते बघा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तिचं नाव विचारा. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. नाव सांगणारं माणूस आहे तोवर हे करून घेऊ.

बरं, निघते. नमस्कार.